पत्र्याआडच्या अकरा खुणा

तुमच्या घरातला जुना कॅमेरा शेवटचा कोणी दुरुस्त केला, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल का?

मलाही आलं नसतं, आणि मी तर कॅमेऱ्यांच्याच कंपनीत काम करते. जपानमध्ये तयार झालेले कॅमेरे सिंगापुरात उतरवून घ्यायचे आणि इथून आजूबाजूच्या देशांतल्या दुकानांना पोचवायचे, हा आमचा धंदा. ऑफिस बुओना व्हिस्टाला, गोदाम तुआसला. मी ऑफिसात बसते आणि कंपनीच्या वतीने लिहिते. जाहिरातींचा मजकूर, दुकानदारांना पत्रं, तक्रार करणाऱ्यांना गोड उत्तरं. गेल्या वर्षी त्यात एक काम वाढलं. कंपनीला इथे येऊन किती वर्षं झाली हे टोकियोत कोणीतरी मोजलं, आकडा गोल निघाला, आणि इतिहासाची एक पुस्तिका काढायचं ठरलं.

"तुला लिहायला आवडतं ना? मग तूच लिही," माझ्या वरिष्ठ म्हणाल्या. त्या इथल्याच, चिनी, स्वभावाने बऱ्या, आणि इथल्या रीतीने वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या. "सोपं आहे लाह. फोटो भरपूर टाक."

जुन्या फोटोंचे दोन खोके माझ्या टेबलाखाली येऊन पडले. बंदराजवळच्या पहिल्या दुकानाची पाटी, फीत कापणारे संचालक, हस्तांदोलन करणारे संचालक, जेवणारे संचालक. फिल्मचे कॅमेरे गेले, डिजिटल आले, मग सगळ्यांच्या फोनमध्येच कॅमेरा आला, तरी फोटोतले संचालक हात मिळवतच होते. हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला एकही माणूस मला दोन खोक्यांत सापडला नाही. म्हणून एक दिवस MRT, म्हणजे इथली मेट्रो, पकडून मी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि तुआसच्या गोदामाचा जिना चढले. वरच्या मजल्यावर दुरुस्तीची खोली होती. पुढच्या महिन्याच्या अखेरीस ती बंद होणार, दुरुस्त्या दुसऱ्या देशात पाठवल्या जाणार, असं पत्र मीच आदल्या आठवड्यात दुकानदारांसाठी लिहिलं होतं.

खोलीत पाच टेबलं होती आणि एका टेबलामागे एक म्हातारा माणूस. माझं नाव ऐकून त्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

"कुठली गं तू?" त्याने मराठीत विचारलं.

"सांगलीची."

"म्हणजे साखरेच्या मुलखातली. तुला इथली कॉफी, कोपी म्हणतात हे लोक, गोड लागायची नाही."

हे काका रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे. तरुणपणी बोटीवर इलेक्ट्रिशियन होते, सिंगापूरला उतरले, आणि बारीक तारा जोडायचा हात चांगला म्हणून या कंपनीत घेतले गेले. ते अजून इथेच होते. खोलीबरोबर त्यांचंही काम संपणार होतं.

त्या दिवशी त्यांच्यासमोर एक जुना कॅमेरा होता. इथल्या दमट हवेने लेन्सवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती त्यांनी मला दिव्याखाली दाखवली. मग कॅमेरा पालथा केला, तळाचे स्क्रू काढले आणि पत्रा उचलून माझ्या हातात दिला. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा जहाजाचा नांगर होता. बाजूला महिना आणि साल.

"हा मी," काका म्हणाले. "हाच कॅमेरा मी आधी एकदा उघडलाय."

"पेन्सिलीनेच का?"

"शाई पसरते ओलीने. पेन्सिल राहते."

कंपनी नवी असताना शिकवायला जपानहून एक मुख्य कारागीर आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, यांना जपानी येत नव्हती. तो नुसतं करून दाखवायचा. त्याने घालून दिलेली रीत अशी, की ज्याने कॅमेरा उघडला त्याने आत आपली खूण ठेवायची. तोच कॅमेरा पुन्हा बिघडून आला तर तो त्याच माणसाच्या टेबलावर जाणार. ओरडायचं नाही, बोलायचंही नाही. फक्त पत्रा काढून, खूण वर करून टेबलावर ठेवायचा.

"सकाळी आलो आणि टेबलावर उताणा पत्रा दिसला की कोपीसुद्धा न घेता तो कॅमेरा उघडायला बसायचो," काका म्हणाले. "त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या."

या खोलीत आजवर अकरा जणांनी काम केलं. अकरा खुणा. काकांनी त्या एका पुठ्ठ्यावर काढून ठेवल्या होत्या. सात खुणांपुढे पूर्ण नाव होतं. चार खुणांपुढे काहीच नव्हतं. या चौघांना सगळे टोपणनावानेच हाक मारायचे. खोली शहरातून तुआसला हलवली तेव्हा जुनी रजिस्टरं कापणाऱ्या यंत्रात गेली.

"हा गळवाला," त्यांनी माशाच्या गळासारख्या एका खुणेवर बोट ठेवलं. "सहा वर्षं माझ्या शेजारी बसला. मलाक्काचा. आम्ही त्याला 'बारीक' म्हणायचो. पोरीच्या लग्नात जेवून आलोय मी त्याच्या. आणि नाव विचारशील तर..." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. "लाज वाटते गं."

मग त्यांनी मागणं सांगितलं, आणि ते एवढंसंच होतं. पुस्तिकेत एक पान. अकरा खुणा, सात नावं, आणि खाली एक ओळ की उरलेल्या चौघांना कोणी ओळखत असेल तर कळवा.

"पुस्तिका कुठेकुठे जाणार?"

"सगळ्या जुन्या दुकानदारांकडे. इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका."

"मग झालं तर. कोणी ना कोणी कळवेल. खोली गेली तरी चालेल मला. माणसं तेवढी पुरी झाली पाहिजेत."

मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत मी पेटलेली होते.

माझी आई अंगणवाडी सेविका. तिच्या संघटनेची पत्रकं आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिली जायची, आणि शाळेच्या पुस्तकांआधी मी ती वाचायला शिकले. त्यात कोणीतरी नेहमी काहीतरी दडपत असे आणि कोणीतरी ते उघडं पाडत असे. जग तसंच असतं असं मला अजूनही बऱ्याच अंशी वाटतं. त्यामुळे काकांच्या पानाला मी मथळा दिला, 'लपवलेले हात'. संचालकांची नावं पाटीवर आणि कारागिरांची पत्र्याआड, असं लिहिलं. "कॅमेरा ज्यांनी जिवंत ठेवला त्यांचं नाव गिऱ्हाइकाला कधीच कळू दिलं गेलं नाही," हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पानाच्या मधोमध ठळक अक्षरात घेतलं. त्याखाली खुणा आणि नावं. वरिष्ठांनी चाळलं, "जरा जोरात आहे," म्हणाल्या आणि पुढे पाठवलं. काकांना मी ते दाखवलं नाही. तुआस लांब पडतं, आणि छपाईची तारीख जवळ होती, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन आठवड्यांनी वरिष्ठ माझ्या टेबलापाशी आल्या.

"तुझं ते पान काढलं लाह."

टोकियोत पुस्तिकेचा मजकूर जपानीत करून तपासायला एका निवृत्त माणसाकडे दिला होता. तो माणूस म्हणजे तोच, मुख्य कारागीर. आता बराच वृद्ध. माझ्या ठळक वाक्याखाली त्याने रेघ मारली होती आणि समासात जपानीत एकच ओळ लिहिली होती. खाली कोणीतरी इंग्रजीत भाषांतर केलं होतं: हे खरं नाही. सोबत एका जुन्या दुरुस्ती-स्लिपचा फोटो. कॅमेरा परत देताना गिऱ्हाइकाला मिळायची ती स्लिप. तिच्या तळाशी छापील शब्द होते, 'दुरुस्त करणारा', आणि पुढे मोठ्या अक्षरात पूर्ण नाव. प्रत्येक स्लिपवर हे असायचंच, तो त्याचाच नियम होता.

"नुसत्या खुणा आणि नावं ठेवा," मी म्हटलं. "बाकी सगळं काढा."

"छापायला गेलंय. त्यांनी पान काढून तिथे फोटो टाकला."

"कुणाचा?"

संचालकांचाच, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुआसला गेले. काकांना सगळं सांगितलं, पान वाचूनही दाखवलं. ते स्क्रू पुसत ऐकत राहिले.

"लपवलं कोणी?" शेवटी ते म्हणाले.

"कंपनीने."

"कंपनीने कुठे? आम्हीच आत काढायचो खूण. ती आमची आमच्यात होती. गिऱ्हाइकाला नाव स्लिपवर मिळत होतं. त्यासाठीच तर पान हवं होतं मला. रजिस्टर गेलं, पण स्लिपा लोकांच्या घरी आहेत. कॅमेऱ्याच्या केसला आत खिसा असतो ना, त्यात."

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस." आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी चार नावं मागितली. तू भाषण दिलंस."

"पण काका, खोली बंद करताहेत, तुम्हाला घरी पाठवताहेत, त्याचं काहीच नाही? तेही खोटं आहे का?"

"ते खरं आहे. ते वेगळं लिही. त्याच्यावर सही पाहिजे तर मी करतो." त्यांनी समोरच्या कॅमेऱ्याचा पत्रा उचलला, उताणा करून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि कोपी आणायला निघून गेले.



त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं. तिने आधी कंपनीला नावं ठेवली, मग विचारलं, "छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलंस?"

"नाही."

"आमचं एक तरी पत्रक बायकांना वाचून न दाखवता गेलं होतं का गं? तू तर सतरंज्या घालायचीस त्या बैठकीला."

घालायचे. आणि त्या सतरंजीवर बसून बायका आईची उत्तमोत्तम वाक्यं खोडायच्या, तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

पुस्तिका आली. कागद गुळगुळीत, फोटो स्वच्छ. दुरुस्तीच्या खोलीबद्दल 'आमची निष्ठावान सेवा' असा दीड ओळीचा उल्लेख. खाली लेखक म्हणून माझं नाव नाही, याचंच बरं वाटलं. महिनाअखेरीला टेबलं हलवली. त्याआधी मी काकांकडे एक कागद घेऊन गेले, एका बाजूचा, घरच्या प्रिंटरवर काढलेला. या वेळी तिथेच उभी राहून मोठ्याने वाचला. काकांनी 'शोषण' खोडलं, 'थोर' खोडलं. 'खोली बंद केली, कामगारांना विचारलं नाही' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि ठेवलं. त्यानंतर एक चूक काढली. गळाचं टोक मी उजवीकडे वळवलं होतं, ते डावीकडे हवं होतं.

"बारीक डावरा होता," ते म्हणाले.

तो कागद मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून वाटते आहे. दर शनिवारी दोन-तीन दुकानं. कोणी घेतात, कोणी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो म्हणतात आणि तशीच घडी घालतात. अजून एकही उत्तर आलेलं नाही. दमले आहे, हे मान्य करायला हरकत नाही. काका दोन महिन्यांनी कायमचे गावी जातील. सात जणांची नावं मी इथे देत नाही, कारण त्यांच्या घरी फोन करून परवानगी विचारण्याचं काम काका स्वतः करताहेत, आणि ते अजून तिसऱ्या घरावरच आहेत. प्रत्येक फोन तासभर चालतो.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्या, किंवा सिंगापुरात कधी नोकरी केलेल्या, बोटीवरून इथे उतरलेल्या एखाद्या काका-मामाच्या कपाटात जुना फिल्मचा कॅमेरा असेल, तर तो आज काढा. केसच्या आतल्या खिशात बोट घाला. घडी केलेली स्लिप निघाली तर टाकू नका, तिच्या तळाचं नाव वाचा. मग कॅमेरा एखाद्या जाणत्या कारागिराकडे न्या, तळाचा पत्रा त्यालाच उघडायला सांगा, आणि आतली पेन्सिल पुसू नकोस असं आधी बजावा. डावीकडे वळलेला गळ, दोन पायऱ्या, अर्धं पान किंवा एका ओळीत तीन ठिपके, या चार बिननावी खुणांपैकी एखादी दिसली, तर खूण आणि नाव एका कागदावर उतरवा आणि हा मजकूर ज्याने तुमच्या हातात दिला त्याच्याकडे परत द्या. तो त्याच्या आधीच्याकडे देईल. असंच ते माझ्यापर्यंत येईल, आणि मी ते काकांना वाचून दाखवीन.