मावशी मदतीला येतात

आमचा धंदा नेसवण्याचा आणि बांधण्याचा. ह्यूस्टनच्या आसपास कुठे मराठी लग्न, मुंज किंवा डोहाळजेवण असलं की आम्ही व्हॅनमध्ये कापडाचे ढीग घालून तिथे पोचतो, बायकांना नऊवारी नेसवतो, पुरुषांना फेटे बांधतो आणि संध्याकाळी सगळं गोळा करून शुगर लँडला घरी परततो. यातलं ‘आम्ही’ हे जरा फुगवलेलं आहे. फेटे मी बांधतो. ते कुणीही बांधू शकतं, हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. नेसवतात त्या मावशी.

मावशी माझ्या मावशी नाहीत. त्या नागपूरहून मुलाकडे नातवंडं सांभाळायला आल्या, ग्रीन कार्ड झालं आणि नातवंडं शाळेत गेल्यावर दुपारी करायचं काय म्हणून आमच्या मदतीला येऊ लागल्या. त्यांनी नेसवलेली नऊवारी सुटत नाही. एका संगीताच्या कार्यक्रमात नवरीच्या अमेरिकेत वाढलेल्या बहिणीने पैजेखातर स्टेजवर कोलांटी मारली. सभागृहाने श्वास रोखला. काठ जागचा हलला नाही. मावशी भिंतीला टेकून चहा पीत होत्या, त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

तेव्हापासून लोक फोन करतात ते आधी विचारतात, “त्या दिवशी मावशी आहेत ना?” आणि मी हो म्हटल्यावर सौजन्य म्हणून म्हणतात, “तुम्ही पण या.”

यंदा मला मोठी व्हॅन घ्यायची होती. बँकेने कर्जासाठी धंद्याचे नीट हिशेब मागितले. आतापर्यंत ते मीच कॉम्प्युटरवर लिहीत होतो, आणि नीट हा शब्द त्यांना कुणी लावला नसता. तेव्हा मी आमच्या एका मित्राच्या मुलीकडे गेलो. ती इथेच जन्मलेली, अकाउंटंट, स्वतःचं ऑफिस थाटून बसलेली. तिच्या बारशाला मी दोनदा श्रीखंड घेतलं होतं, त्यामुळे फीमध्ये सवलत मिळेल असा माझा अंदाज होता. तो चुकला.

बाहेर ऑगस्टचं ऊन, आत तिच्या ऑफिसात स्वेटर लागेल इतकी थंडी. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“काका, हा हेल्प कोण आहे?”

“कोण हेल्प?”

“तुम्ही दर महिन्याला हेल्पला पे करता. इज इट अ पर्सन? ऑर अ चॅरिटी?”

“अगं, मदत. आपल्याकडे मावशी मदतीला येतात ना, ते.”

तिने थोडा विचार केला. “म्हणजे तुम्ही मावशींना मदत करता.”

“नाही गं. मावशी मला मदत करतात.”

“मग तुम्ही त्यांना पैसे का देता?”

मदतीला आलेल्या माणसाला आपण रिकाम्या हाताने पाठवत नाही, आणि दिलेल्या पैशाला पगारही म्हणत नाही. ते पाकिटात घालून, नको नको म्हणणाऱ्या हातात कोंबायचे असतात, हे मी तिला कुठल्या भाषेत सांगणार?

“आणि प्रत्येक चेकच्या शेवटी वन का आहे? वन फिफ्टी वन, टू फिफ्टी वन. हा वन डॉलर कसला? सम काइंड ऑफ फी?”

“तो शुभ असतो.”

“ओके,” असं म्हणून तिने गंभीरपणे काहीतरी टाइप केलं. मी वाकून पाहिलं. तिने खरोखरच ‘शुभ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मग तिने माझी तोंडी परीक्षा सुरू केली. मावशींनी कुठे आणि किती वाजता यायचं हे कोण ठरवतं? मी. साड्या कुणाच्या? आपल्या. स्टीमर, आरसे, पिना? सगळं आपलं, पिना तर मी घाऊक आणतो. गिऱ्हाइकाला भाव कोण सांगतं? मीच, मावशींना भाव सांगायचा संकोच वाटतो. त्या दुसऱ्या कुणाकडे हे काम करतात का?

“करतील कशा? आमच्या मावशी आहेत त्या,” मी छाती फुगवून म्हणालो. “आमच्या नावाचा टी-शर्ट घालतात.”

प्रत्येक उत्तराबरोबर मला वाटत होतं की मार्क वाढतायत. प्रत्यक्षात मी स्वतःभोवती एकेक वेढा देत चाललो होतो, आणि टी-शर्टपाशी तुरासुद्धा काढून झाला.

“काका,” ती म्हणाली, “शी इज युअर एम्प्लॉयी.”

मी माझी बाजू मांडली. उभा राहून मांडली. मावशी म्हणजे घरचं माणूस, त्यांना कोण कामावर ठेवणार, त्या प्रेमाने येतात. ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली की नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात फुकट मदतनीस ठेवता येत नाही, प्रेम कितीही असलं तरी. मी म्हटलं, मग त्यांना कॉन्ट्रॅक्टर म्हणू. माझा एक मित्र सगळ्यांना कॉन्ट्रॅक्टरच म्हणतो, त्याचं छान चाललंय.

“तुम्ही काय म्हणता त्याला अर्थ नाही, काका. काम कसं चालतं ते टॅक्सवाले बघतात. तुमचा एसी रिपेअर करणारा माणूस स्वतःची हत्यारं घेऊन येतो, स्वतःचा भाव सांगतो, तुमचं काम झालं की दुसऱ्याकडे जातो. तो कॉन्ट्रॅक्टर. मावशी एसीवाला आहेत का?”

मावशी एसीवाला नव्हत्या, हे मान्य करावं लागलं.

यापुढे रीतसर पगार द्यायचा, त्यातून टॅक्स कापायचा, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी जेवढे त्यांचे कापले जातील तेवढेच आम्ही भरायचे, आणि मागचं जे राहिलंय ते दुरुस्त करायचं. आपणहून दुरुस्त केलं तर निभावतं, टॅक्सवाल्यांनी शोधून काढलं तर महागात पडतं, असं ती म्हणाली. दुरुस्तीचा आकडा मी एक डोळा मिटून पाहिला. नव्या व्हॅनच्या टायरांपेक्षा थोडा जास्त होता. म्हणजे मरण नव्हतं.

मी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच ती म्हणाली, “आता मावशींना सांगा. त्यांच्या सह्या लागतील.”



सांगणार काय? मावशी, आजपासून तुम्ही माझ्या नोकर? घरी येईपर्यंत मी पर्यायी शब्द शोधत होतो. कर्मचारी म्हटलं की महापालिका डोळ्यांपुढे येते, कामगार म्हटलं की संप. सेवक तर नाटकात ‘महाराजांचा विजय असो’ म्हणून आत जातो. बायको म्हणाली, “स्टाफ म्हण.” मी म्हणून पाहिलं: “मावशी, तुम्ही आमचा स्टाफ.” ते ऐकून तिचं तिलाच हसू आलं. मग तीही गंभीर झाली. म्हणाली, “त्या मला सूनबाई म्हणतात. मी त्यांची मालकीण झाले तर त्या आपल्याकडे चहा तरी पितील का?”

आमची भीती अगदीच हवेतली नव्हती. एका लग्नात यजमानांपैकी कुणीतरी मावशींच्या देखत म्हणालं होतं, “त्या साडीवाल्या बाईंना पण प्लेट द्या.” मावशींनी राहिलेल्या दोघींना नेसवलं, हात धुतले आणि न जेवता गाडीत येऊन बसल्या. त्या घरची पुढची तिन्ही कार्यं आम्हाला सोडावी लागली, कारण मावशी यायला तयार नव्हत्या. आता मी कागद घेऊन जाणार, त्यावर माझं नाव मालक म्हणून आणि त्यांचं नाव खाली. त्या नाही म्हणाल्या तर हिवाळ्यातली सगळी लग्नं गेली, आणि माझ्याकडे उरणार कापडाने भरलेली एक व्हॅन आणि फेटे बांधणारा एक इसम. पण त्याहूनही वाईट म्हणजे मावशी जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. गाडीत भाषण पाठ केलं होतं. मावशी स्वयंपाकघरात ताक घुसळत होत्या. त्यांनी मला बसवलं आणि हातात ग्लास दिला.

“मावशी,” मी सुरुवात केली, “अमेरिकेचा कायदा मोठा विचित्र आहे.”

“काहून रे? धंदा बंद करतोस का?”

“नाही नाही.”

“मग मला काढतोस?”

“उलट, मावशी.”

“उलट म्हणजे?”

“घालतोय.”

“कशात?”

पाठ केलेलं भाषण एव्हाना कुठल्या कुठे गेलं होतं. “पेरोलवर,” मी म्हणालो. “म्हणजे कायद्याच्या दृष्टीने, तसं पाहिलं तर, तुम्ही आमच्याकडे नोकरीला आहात.”

मावशींनी रवी बाजूला ठेवली. “कधीपासून?”

“पहिल्यापासूनच. आपल्याला माहीत नव्हतं.”

मी ताकाच्या ग्लासात पाहत राहिलो. तेवढ्यात त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावरून, कानात इअरफोन तसाच ठेवून, खाली आला. तो घरून काम करतो. मला पाहून म्हणाला, “अरे काका, बरं झालं भेटलात. आई, शनिवारी मोठीची स्विम मीट आहे, आम्ही दोघं तिकडे. तू धाकट्यासाठी घरी थांबशील ना? काकांची मदत या वीकेंडला कॅन्सल करू या.”

“शनिवारी मी कामावर आहे,” मावशी म्हणाल्या.

“काम म्हणजे? मदतच ना?”

“मदत नाही. नोकरी. बघ, साहेब स्वतः घरी सांगायला आलेत.”

साहेबांच्या मिशीला ताक लागलं होतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी शक्य तितका साहेबासारखा दिसायचा प्रयत्न केला. “पेरोलवर,” मी म्हणालो.

“ओह,” तो म्हणाला. “वर्षाअखेर पगाराचा डब्ल्यू-टू फॉर्म आणि सगळं?”

“सगळं.”

“ओह. मग ठीक आहे. आय विल फिगर इट आउट, आई.” आणि तो वर गेला. वाद नाही, चर्चा नाही.

मावशी जिन्याकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “पाहिलंस? इतकी वर्षं दर शनिवारी या घरात कोर्ट भरतं. आई, मदतच ना, पुढच्या वेळी जा. आई, मदतच ना, उशिरा गेलं तर काय होतं? सून सकाळी ‘मीटिंग आहे’ म्हणते की सगळे पाय न वाजवता चालतात. माझी मदत मात्र कुणीही कॅन्सल करतं.” त्यांनी पदर खोचला. “तू हे आधी काहून नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुम्हाला नोकर म्हटलेलं आवडणार नाही.”

“नोकर म्हणायचंय का नोकरी द्यायचीय? दोन्ही वेगळं आहे, बाप्पा.”

माझ्या खांद्यावरून कापडाने भरलेली अख्खी व्हॅन उतरली. मी दुसरा ग्लास ताक मागून घेतलं. तो पिऊन होण्याच्या आत मावशींनी नोकरीच्या अटी सांगायला सुरुवात केली होती. जेवायला बसायला खुर्ची हवी, उभ्याने बुफेतलं खाणार नाही. जेवणाला पुरता वेळ. टी-शर्ट एक साइझ मोठा, आणि कॉलरचा. घरी बसून साड्या धुते, इस्त्री करते, निऱ्यांच्या घड्या घालते, ते काम पगारात धरणार की नाही?

“धरावंच लागतं,” मी म्हणालो. अकाउंटंटने ते आधीच बजावलं होतं, पण मी ते माझ्या औदार्यासारखं म्हणालो.

“गेल्या वर्षीचंसुद्धा?”

“तेही.”

“मग चांगला कायदा आहे. विचित्र काय म्हणतोस?”

त्यांनी चष्मा लावून प्रत्येक कागद वाचला, न कळलेलं इंग्रजी मला वाचायला लावलं, माझ्या उत्तरांवर विश्वास नसल्यामुळे मुलाला वरून पुन्हा बोलावलं, आणि मग प्रत्येक ठिकाणी संपूर्ण नावाने, वडिलांना लिहिलेल्या पत्राखाली करावी तशी वळणदार सही केली. हुद्द्याच्या जागी काय लिहायचं, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, स्टायलिस्ट. मी म्हटलं, सीनियर असोसिएट. मावशींनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: नऊवारी एक्स्पर्ट. आपल्या ‘नऊवारी’ शब्दाचं स्पेलिंग त्यांनी दोन यू घालून केलं होतं. ते तसंच सरकारदरबारी जाऊ दिलं.

बाहेर आलो तर गाडीची भट्टी झाली होती. स्टिअरिंगला हात लागत नव्हता. एसी लावायचं भान मला दुसऱ्या सिग्नलला आलं. तोवर मी घामाने निथळत, खिडक्या बंद ठेवून, मोठ्याने गात होतो. शेजारच्या ट्रकवाल्याने वळून पाहिलं. बायकोचा फोन आला तेव्हा मी ‘हॅलो’ म्हणण्याऐवजी ‘लागल्या’ म्हणालो.

“कोण लागल्या? कुठे?”

“मावशी. नोकरीला. आपल्याकडे.”

“चिडल्या नाहीत?”

“चहा पितील, म्हणाल्या. पण बसून.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली की घरी येताना दूध आण.

दूध घेऊन गाडीत बसतोय तर मावशींचा फोन.

“शनिवारी किती वाजता यायचं?”

“नेहमीच्या वेळेला या ना, मावशी.”

“तसं चालणार नाही. आता तू सांगायला पाहिजे.”

“बरं. आठ वाजता.”

“मी साडेसातला येते. निऱ्या आधी पाहाव्या लागतात,” मावशी म्हणाल्या. “आणि तो अर्धा तास लिही.”