अळंबी उगवली त्या दिवशीचा मेळावा

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाकूरवाडीत माझी अंगणवाडी आहे. मी राहते करंजाड्याला, स्कूटीवरून जाते-येते. वाडीत मला सगळे ‘बाई’च म्हणतात, माझ्या आईच्या वयाची मावशीसुद्धा. अंगणवाडीला लागूनच तिचं घर. तिची धाकटी लेक तळोज्याला दिलेली, जावई तिथल्या केमिकल कंपनीत पाळीवर जातो. त्या श्रावणात लेक पोटुशी होती आणि तिला अळंबीचे डोहाळे लागले होते.

रानातली अळंबी मागून मिळत नाही. गडगडाट होऊन पाऊस पडला, मग जरा उघडीप मिळाली, की एखाद्या पहाटे ती वारुळावर उगवते. कळी असतानाच काढली तर चव. दुपारी छत्री उघडते, संध्याकाळपर्यंत अळ्या पडतात. मावशी रोज उजाडताच वारूळ बघून यायची आणि अंगणवाडीवरून जाताना सांगायची, “अजून नाय आली, बाई.”

निवडणूक तोंडावर होती, पण आचारसंहिता लागली नव्हती. तेवढ्यात सरकारी योजनांच्या लाभार्थी बायकांचा मेळावा ठरला. मंत्री येणार होते. प्रत्येक सेविकेनं एसटी भरून बायका आणायच्या, असा आमच्या सुपरवायझर मॅडमचा फोन आला.

“मॅडम, बायका भाताचं तण काढायला, बेणणीला जातात. नाही आल्या तर?”

“मलाही वरून विचारतात गं,” त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “फोन स्पीकरवर टाक, मीच बोलते.”

अंगणवाडीच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. फोनमधून आवाज आला, “ज्या येणार नाहीत, त्यांचे पैसे उद्या थांबले तर आमच्याकडे रडत यायचं नाही.” एकीनं मांडीवरचं मूल उगाच या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं.

मेळाव्याच्या दिवशीच पहाटे अळंबी आली. मी एसटीबरोबर पोहोचले तेव्हा मावशी टोपली घेऊन उभी होती. तिनं सागाचं पान उलगडून दाखवलं. बोटभर पांढऱ्या कळ्या, देठांना ओली माती. तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

“मी आज लेकीकडं जाते, बाई. माझ्या जागी सुनेला न्या.”

“सुनेलाही बोलावलंय, मावशी. दोघींनाही.”

तिनं सागाचं पान पुन्हा मिटलं. “दुपारी सुटंल ना? मग टोपली संगं घेते. तिकडूनच जाईन.”

मैदानाच्या फाटकावर पोलीस छत्र्या, पिशव्या, काळ्या ओढण्या, सगळं काढून घेत होते. एका पोलीसबाईनं टोपलीही घेतली. मी म्हटलं, “मॅडम, गरोदर मुलीसाठी खाणं आहे ते.”

“ताई, मला फक्त माणसं आत सोडायला सांगितलंय,” ती पोलीसबाई म्हणाली आणि टोपली कुंपणापाशी पिशव्यांच्या ढिगावर ठेवली.

दुपार झाली तरी मंत्री आले नव्हते. मावशी उठून फाटकापर्यंत गेली, मी तिच्या मागे. फाटक बंद होतं. मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला. “एक उठली की सगळ्या उठतील,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर येईल गं. बसवून ठेव.” मी मावशीचा हात धरला आणि आम्ही परत येऊन बसलो.

उन्हं कलल्यावर मंत्री आले. पैसे कोण देतं हे मत देताना विसरू नका, असं त्यांनी हसत सांगितलं. फोटोसाठी सगळ्यांना हात वर करायला लावले. मावशीनंही केले, पण तिची नजर कुंपणाकडे होती.

सुटल्यावर त्या ढिगावर बायकांची झुंबड उडाली. टोपली सापडली ती उपडी. अळंबी चिखलात तुडवली गेली होती, वाचलेली काळपट होऊन उघडली होती. मावशीनं एक उचलून नाकाशी नेली. “वास मारतंय,” एवढंच म्हणाली. निदान लेकीला भेटावं म्हणून तिनं ड्रायव्हरला तळोज्याच्या फाट्यावर थांबायला सांगितलं. “जिथून आणलं तिथंच सोडायचं, अशी ऑर्डर आहे,” तो म्हणाला. परतीच्या वाटेवर मी तिच्या शेजारी बसले होते.

पुढे कितीदा तरी ती वारुळाशी जाऊन आली. त्या साली पुन्हा अळंबी उगवली नाही. लेक सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पण डोहाळा राहिला तो राहिलाच.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात मला मदतीची ड्युटी होती. मावशी रांगेतून वाकून हळूच म्हणाली, “कोनाला दिलं ते त्यांना कलतं, म्हनतात. खरं काय?”

“नाही कळत, मावशी. कुणालाच कळत नाही. मनाला येईल त्याला द्या.”

तिनं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. “तुमची नोकरी त्यांच्याच हातात ना, बाई? कलत आसलं तरी तुमी कशा सांगनार!”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी आणखी एकदा, जरा मोठ्यानं, “खरंच नाही कळत,” म्हणाले, तर रांगेतल्या बाकीच्या बायकाही माझ्याकडे तशाच बघायला लागल्या. तेवढ्यात आतून पुढच्या बाईला हाक आली आणि मावशी पदर सावरत खोलीत गेली.