डेकला नमस्कार

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे काका गाड्यांचे ब्रेक तपासतात. कशालाही ‘गेनाऊ’, म्हणजे ‘बरोब्बर’, एवढंच म्हणतात. नवी गाडी आली, की कुणी बघत नाही ना, हे पाहून तिला हळूच नमस्कार करतात.

ऑफिसच्या मायोर्का बेटावरच्या सहलीत कॅटामरान या जोडहोडीवर चढताना कप्तानानं सगळ्यांना बूट काढून टोपलीत ठेवायला लावले. अनवाणी होताच काकांचा हात सवयीनं डेकला लागला आणि मग कपाळाला. मागच्या सात जर्मनांना वाटलं, हाही नियमच! एकेक जण गंभीरपणे वाकून चढला. मी हसून हसून दोरीला लटकलो. काका लाजून लाल.

संध्याकाळी पोहून, खाऊन काका खुशीत थेट धक्क्यावर उतरले. आमची जर्मन बॉस बोटीवरून ओरडली, “अहो, उतरतानाचा नमस्कार राहिला!”

“गेनाऊ!” म्हणत काका परत चढले आणि सगळ्यांदेखत वाकले.