हुपरीच्या आक्काताईची अंगाई

माझ्या पुस्तकांत भुतं पुष्कळ. पण शेवटच्या प्रकरणात प्रत्येक भूत म्हणजे इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला कुणीतरी पुतण्याच निघायचा. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात लोक जे लिहितात ते वाचून मी आजवर हसतच आले. म्हणे झाडावर पांढरं काहीतरी हलत होतं... अहो, वाळत घातलेलं धोतर असेल! आता मीच लिहायला बसले म्हटल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीसुद्धा?"

होय, मीसुद्धा. काय करणार?

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, माडीवरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही. पोटासाठी रहस्यकथा लिहायच्या आणि जिवासाठी कविता. रहस्यकथांवर पुरुषाचं नाव असायचं, कारण बाईनं केलेले खून खपत नाहीत असं प्रकाशकाचं ठाम मत होतं. कविता मात्र माझ्या नावाच्या, आणि त्यांचा मला फार गर्व होता. उधारीची एक ओळ त्यात सापडायची नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

एका दुपारी एका चॅप्टरमध्ये गाडी अडली. प्रेत विहिरीत टाकून बसले होते आणि ते कुणाला सापडावं ते सुचेना. उठून स्टोव्हवर चहा ठेवला, आणि चहाला उकळी यायच्या आत एक अंगाई आली. आली म्हणजे अगदी चालीसकट आली... मी फक्त उतरवून घेतली.

झोप माझ्या सोन्या, घुंगरू निजलं,
वाटीतल्या पाण्यात चांदणं भिजलं.

अशा काही ओव्या. पाळण्याची दोरी मी जन्मात ओढलेली नाही, तरी ती मी पुन्हा पुन्हा वाचली. शेवटची ओवी मात्र विचित्र होती —

डाव्या घोट्यापाशी भाजल्याचा डाग,
चांदीबाई तुझा कशापायी राग?

अंगाईत हा डाग कुठून आला ते मलाच कळेना. तेवढी ओवी खोडून बाकीची कविता दुसऱ्या कागदावर उतरवली आणि पहिला कागद स्टोव्ह पेटवताना जाळला. ती ओवी मी कुणाला दाखवली नाही, कुठे म्हटली नाही. हे लक्षात ठेवा.

आणीबाणीच्या आधीच्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, हुपरीच्या महिला मंडळानं हळदीकुंकवाला पाहुणी म्हणून बोलावलं. भर दुपार, शाळेचा हॉल, तिळगुळाच्या वाट्या, मागे पोरांचा कालवा. हुपरीत घरोघरी चांदीचं काम, बायका पैंजणाच्या कड्या जोडता जोडता उठून आलेल्या. त्यांना खून ऐकायचे होते, ते सांगितले. शेवटी मी हौसेनं अंगाई म्हटली. चारचौघांत पहिल्यांदाच.

अंगाई संपली तशी मागून एक पन्नाशीची बाई उठली, सरळ पुढं आली आणि तिनं माझं मनगट धरलं. चिडली म्हणावं तर तसं नाही... चेहरा नुसता फुलला होता.

"बाई, कुटं भेटलं माझं पोरगं?"

"कोण पोरगं?"

"भूपाल वो! ह्ये गाणं माझं हाय. कड्या जोडत मीच केलंय. त्येला झोपवायला म्हणायची. आमा दोघांबिगर कुणाला ठावं न्हाई."

मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी लागल्या. ही आक्काताई. हिचा भूपाल चौदा वर्षांचा असताना बापाशी भांडून कोल्हापूरच्या एसटीत बसला तो परत आलाच नाही. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. पुढं बापही गेला.

मी समजूत घालू लागले, "आक्काताई, अंगाई सगळ्या सारख्याच असतात. घुंगरू, चांदणं कुणीही म्हणतं."

"मग डागाची म्हणा की. ती का सोडलीसा?"

आणि तिनं ती म्हटली. डाव्या घोट्यापाशी भाजल्याचा डाग... शब्दाला शब्द.

"रांगत हुता. तापल्या चांदीवर पाय पडला बगा."

मी घाबरले, हे सरळच सांगते. पुढं कुणी काय बोललं, मी एसटीत कधी बसले, काही आठवत नाही.

घरी आल्यावर डोकं चालायला लागलं. लॉजिक लावलं. माझ्या माडीखाली चहाचं हॉटेल होतं. तिथं कपबशा विसळताना भूपाल हे गुणगुणत असेल, माझ्या कानावर नकळत पडलं असेल! खुलासा झकास होता. पण मग पोरगा माझ्या पायाखालीच होता की! मी हॉटेलवाल्याला विचारलं, गॅरेजं पालथी घातली, लाकडाच्या वखारी झाल्या. जो तरणा पोरगा दिसेल त्याच्या डाव्या घोट्याकडं माझी नजर. एक मेकॅनिक तर म्हणाला, "बाई, पोरांच्या पायाकडं काय बघालायसा?" काय सांगणार त्याला? भूपाल नावाचा पोरगा कुणालाच आठवत नव्हता.

आक्काताई अधूनमधून यायला लागली. जिना चढून उंबऱ्याशी टेकायची, पदरानं घाम पुसायची आणि विचारायची, "काय आलं का?" तिला ओळ हवी असायची. एक आली तर दुसरी येईल, अशी तिची समजूत. मी नाही म्हटलं की पिशवीतून शेंगा काढून ठेवायची. "असूं द्या. येतंय की निवांत."

माझ्या कविता मात्र तिथंच थांबल्या. एखादी ओळ सुचली की मी तिलाच विचारायची, तू कुणाची गं? खून धडाधड पडत होते, त्यांना काही झालं नव्हतं. पण ज्यावर मी जीव टाकत होते ते माझं होतं की नव्हतं, हेच कळेनासं झालं. रडले मी त्यापायी.

असे दोन-तीन हिवाळे गेले. एका सकाळी तांदूळ निवडत होते, आणि तीच चाल पुन्हा आली —

जेवून मी आलो, नको वाढू ताट,
उंबऱ्याशी आई, नको बघू वाट.

सूप तसंच मांडीवर राहिलं.

हे कुणाचं? भूपालचं असेल तर मी दडवून ठेवणारी कोण? आणि माझंच असेल तर? आक्काताईचा मला लळा लागला होता. तिचं ते जिना चढणं बघवत नव्हतं. माझ्याच मनानं हे रचलं असेल, तर एका आईला वाट बघू नको म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? शिवाय जेवून आला म्हणजे सुखात आहे, की आता त्याला जेवायचंच उरलं नाही... पुढचं मनात आणवेना. कितीतरी दिवस मी ओळ वहीतच ठेवली. शेवटी ठरवलं, पहिली ओळ सांगायची, दुसरी गिळायची.

हुपरीला गेले. ती दारात, उन्हाला बसून कड्या जोडत होती. मी ओळ सांगितली, आणि बाई लहान पोरीसारखी हसली. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आगं, जेवलाय म्हणं! खाऊन-पिऊन हाय!" मला गूळ-पाणी दिलं. पुन्हा कामाला बसली, ओळ गुणगुणत. हळूहळू आवाज बारीक झाला. मग तिनं खाली बघूनच पुढची म्हटली —

"उंबऱ्याशी आई, नको बघू वाट."

मी म्हटलं, "आक्काताई, हे मी सांगितलं नाही."

"व्हय. तुमी न्हाई सांगितलं." तिनं चिमटा खाली ठेवला. "खरं सांगा बाई. ह्ये त्यो म्हणाला, का तुमी?"

"मला माहीत नाही."

"मग माझ्यापुरतं त्योच म्हणाला," ती म्हणाली, आणि चिमटा उचलला.

त्यानंतर ती मंगळवार पेठेत कधी आली नाही. भूपालही आला नाही, जिवंत असल्याची ना मेल्याची कुठली खबर. काही वर्षांनी आक्काताई गेली. अंगाई मी छापली नाही.

ताटाला यमक वाटच सुचणार, असं कुणी म्हणेल. मीही म्हणून बघितलंय. पण तिच्या पोराच्या घोट्यावरचा डाग माझ्या त्या जळालेल्या कागदावर कसा आला, हे अजून उलगडलेलं नाही. आणि त्याहून जास्त छळतं ते वेगळंच... त्या दुपारी मी एका आईला तिच्या मुलाचा निरोप पोचवला, की माझीच एक ओळ ऐकवून तिची आशा संपवली?