नामग्यालचं नटबोल्टचं घर

नामग्यालने तिबेट पाहिलेला नाही. त्याचा जन्म हिमाचलातल्या रस्त्याच्या कामावरचा, आणि आठव्या वर्षापासून तो इटियाडोह धरणाच्या अलीकडच्या तिबेटी वसाहतीत राहतो. तरी तिबेटचं काय करायचं, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नाही. तो पूर्ण स्वातंत्र्यवाला. त्याची बायको देकी हिचा भाऊ केलसांग मध्यम मार्गवाला: चीनमध्येच राहू, फक्त आपला कारभार आपल्या हाती द्या. दोघांपैकी कोणीही चीनला अजून काही कळवलेलं नाही. जे सांगायचं ते चहाच्या दुकानात एकमेकांनाच सांगतात.

नामग्यालच्या वडिलांनी मरताना शब्द घेतला होता, की परक्या जमिनीवर स्लॅब टाकायचा नाही. स्लॅब टाकला की माणूस मुक्कामाचा झाला. त्यामुळे घरावर मातीचे कवेलूच राहिले आणि दर पावसाळ्यात देकी अकरा भांडी गळतीखाली सरकवत राहिली. गुडघे गेल्यावर तिने तिबेटच्या प्रश्नावर एकच मत मांडलं. छप्पर जागच्या जागी राहिलं पाहिजे.

तोड काढली शेजारच्या गावच्या बकाराम वेल्डिंगवाल्याने. म्हणाला, "भाऊ, नटबोल्टवर टिनाचं घर बांधून देतो. जाच्या दिवशी पाना घ्या, खोला अन् ट्रकात टाका."

नामग्यालला हे पटलं. उन्हाळ्यात घर उभं राहिलं आणि वसाहतीत गाजलं. स्वातंत्र्यवाले पाहुण्यांना मुद्दाम तिथे आणू लागले: बघा, आमचा माणूस उद्यासुद्धा निघू शकतो. मग केलसांगची माणसंही येऊ लागली. त्यांच्या मते हे घर धड पक्कं नाही, धड कच्चं नाही, म्हणजे मध्यम मार्गच. हे ऐकून नामग्याल दोन दिवस मेहुण्याशी बोलला नाही.

ऑगस्टमधल्या एका वादळात तीन पत्रे उडून धानाच्या बांधीत पडले. नामग्याल तेव्हा छत्तीसगडमधल्या वसाहतीत मायदेशी परतण्याच्या तयारीवर भाषण करत होता. देकी पलंगाखाली होती. परतल्यावर त्याने बोल्ट आवळले, वाऱ्याला दोष दिला आणि थंडी पडताच तीन महिन्यांसाठी गोंदियाला स्वेटर विकायला गेला. गुडघ्यांमुळे देकी घरीच थांबली.

दहा मार्चला, ल्हासातल्या उठावाच्या स्मरणदिनी, नेहमीप्रमाणे मिरवणूक निघाली. माइक एकच असल्याने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने घोषणा द्यायच्या ठरल्या होत्या. रस्त्याकडेच्या लोकांना वाटलं, हे एकदा स्वातंत्र्य मागतात आणि एकदा नको म्हणतात. मिरवणूक नामग्यालच्या दारावरून जाताना केलसांग थांबला.

"भावजी, तुमचं स्वातंत्र्य एकदा खोलून तर दाखवा."

नामग्यालने खुंटीवरचा पाना आणला. पहिला बोल्ट हलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यावर पाना सटकून बोटं सोलली, तेव्हा त्याने वाकून पाहिलं. प्रत्येक नटावर वेल्डिंगचा बारीक टाका होता.

गर्दीत बकाराम होता. तो म्हणाला, "वयनीनं सांगतलं, मी केलं."

सगळे देकीकडे पाहू लागले. ती दारातच बसली होती.

"पत्रे उडाले तेव्हा इथे मी एकटी होते," ती म्हणाली. "जायचा दिवस आला की बकारामला बोलवा. ग्राइंडरने एका दुपारी कापून देईल."

मग तिथेच चर्चा पेटली. ग्राइंडरने कापता येणारं घर पक्कं की तात्पुरतं? स्वातंत्र्यवाल्यांत दोन मतं पडली, मध्यम मार्गवाल्यांत तीन. शेवटी पाच जणांची समिती नेमली गेली. घर कुणाचं, याची चौकशी न करता समितीने देकीकडेच चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांना पट्टी बांधून नामग्याल बकारामच्या दुकानात गेला. वेळ आली तर खरंच येशील ना, असं त्याने हळूच विचारलं.

"येतो ना, भाऊ," बकाराम काच डोळ्यावर ओढत म्हणाला. "दोन दिस पयले सांगजा फक्त. अन् धान कापणीत जाचं नोका काढू."