काळ्या प्लायच्या चकत्या

माझे सासरे धाड गावचे कुंभार. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघांवर त्यांचा जीव होता, पण चाकावर बसायला बोलवायचे ते फक्त मुलाला. चाकाला बाईचा हात लागू द्यायचा नाही, असा घरचा नेम. मुलीनं माती मळायची, थापीनं मडकी ठोकायची, वाळत घालायची. चाक तेवढं नाही. मुलाला मात्र मातीचा कंटाळा. तो शिकला, बुलढाण्याला कचेरीत कारकून झाला, पुढे माझा नवरा झाला. मुलगी मेहकरजवळ जानेफळला दिली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो.

निवृत्तीनंतर यांना लकवा मारून गेला. चालणं-बोलणं सावरलं, पण डावा हात कमजोरच राहिला. हाताला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा यांनी स्वतःहून चाकाचा विषय काढला. मला नवल वाटलं. वडिलांचं चाक केव्हाच मोडीत गेलं होतं, म्हणून आमच्या मुलानं विजेवर चालणारं लहान चाक आणून दिलं.

लहानपणी पाहिलेलं हातात कुठेतरी उरलं असावं. हळूहळू वाटी उभी राहू लागली. अडायचं ते शेवटी. भांडं दोऱ्यानं चाकापासून कापून दोन्ही हातांनी अलगद उचलावं लागतं. यांचा डावा हात ऐन वेळी ढिला पडायचा आणि ओली वाटी एका अंगाला बसायची. मी उचलायला गेले तर माझी बोटं रुतायची.  हे माती गोळा करून परत बादलीत टाकत.

मोबाईलवर शोधलं तर लोक भांडं उचलतच नव्हते. चाकावर एक गोल चकती बसवायची, तिच्यावर भांडं करायचं आणि चकतीसकट काढून बाजूला ठेवायचं. मी यांना दाखवलं. बाबांनी असलं काही कधी लावलं नव्हतं, असं म्हणून यांनी तोंड फिरवलं.

मी आमच्या गल्लीत सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेले. त्यांनी घरातल्या उरलेल्या प्लायच्या चकत्या कापून दिल्या. आधी त्या मातीच्या थरानं चाकाला चिकटवून पाहिल्या, पण एका हातानं त्या निघेनात. मग चाकाला दोन बोल्ट बसवून घेतले आणि चकत्यांना तशीच भोकं पाडली. भोकं सैल झाली, चकती डुगडुगायला लागली. चाचांनी दुसऱ्या केल्या, त्या घट्ट बसल्या. पण पाण्यानं फुगून मधोमध उंचवटा आला. शेवटी चाचाच म्हणाले, स्लॅबच्या सेंट्रिंगला लावतात ती काळी प्लाय घेऊ, ती पाण्याला दाद देत नाही. त्यांनी कडांना ऑइलपेंट दिला आणि माती घसरू नये म्हणून वरचा गुळगुळीतपणा पॉलिशपेपरनं घासून काढला.

वाटी झाल्यावर ती चकतीच यांनी उजव्या हातानं खालून वर रेटली, डाव्याचा नुसता आधार दिला, आणि वाटी जशीच्या तशी खिडकीत जाऊन बसली. हे बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

त्याच सुमारास आक्का डोळे दाखवायला आमच्याकडे आली. दोन दिवस ती चाकाजवळ नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी हे उठले आणि म्हणाले, "बस, आक्का."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि बसली. जन्मभर मळलेली माती तिच्या ओळखीची होती, चाकच अनोळखी. पहिला गोळा भरकटला. दुसऱ्यातून पसरट, थाळीसारखा परळ उभा राहिला, यांच्या कुठल्याही वाटीपेक्षा मोठा. मी चकती उचलून घेतली तेव्हा तिचे हात अजून हवेत तसेच होते.

आक्का गावी परतल्यावर परळ वाळताना तळाला तडकला. तळ नीट दाबला गेला नव्हता. फोनवर सांगितलं तर ती हसली. पुढच्या खेपेला दाबीन म्हणाली, दिवाळी झाली की येतो म्हणाली. यांनी चाचांकडून तिच्यासाठी मोठी चकती करवून घेतली.

दिवाळीआधीच ती अंगणात घसरली. उजवं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडं. प्लास्टर निघाल्यावर ती आली खरी, पण चाक सुरू झालं की माती तिचा हात बाहेर ढकलायची. दोनदा करून पाहिलं. मग तिनं स्वतःच बटण बंद केलं आणि हात धुतले.

 पदराला हात पुसत तिनं यांना विचारलं, "बाबा गेल्यावर चाक परसात पडून होतं. तवा मी म्हटलं असतं, मले बसू दे, तर बसू दिलं असतं काय तू?"

मला वाटलं, हे हो म्हणतील. आता हो म्हणायला काय लागत होतं.

"नसतं दिलं," हे म्हणाले. "लोक काय म्हणतील म्हणून नसतं दिलं. मले तं ते चाक नको होतं, तरी."

"माहीत होतं मले," आक्का म्हणाली. "म्हणून कधी म्हटलंच नाही."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. बाहेर आले तेव्हा ती यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होती, आणि हे खाली पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला मेहकरच्या एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून सांगितलं, "त्याले म्हणा वहिनी, चाक बंद नोको करू." मी घरी येऊन निरोप दिला. यांनी मान हलवली, पण त्या आठवड्यात हे चाकाजवळ गेले नाहीत. आता रोज बसतात. वाट्या चांगल्या होतात, शेजारचे मागून नेतात. परळ मात्र यांनी अजून एकही केलेला नाही, आणि मीही कधी करा म्हटलं नाही.