येणाऱ्यांचं दार

बाबाजी सध्या कुठं आहे, हे मांद्र्यात कुणी प्रभावतीला विचारत नसे. तिच्या तुळशीपुढची रांगोळी पाहिली की कळायचं. बाबाजी प्रवासी बोटीवर आचारी. बोट बंदराला लागली की त्या भागातल्या नावाजलेल्या इमारतीपुढं उभा राहून तो फोटो पाठवायचा. प्रभावती तो एकदाच बघायची, मोबाईल पालथा ठेवायची आणि चिमूट सोडायची. पिसाचा मनोरा जेवढा कललेला तेवढाच कलता. रोमच्या कोलोसियमच्या कमानी एकीवर एक, ढासळलेली बाजूही तशीच. मागच्या खोलीत उतरलेल्या इटलीच्या बाईला ती रांगोळी बघून घर आठवलं आणि रडू आवरेना.

फोटोतला बाबाजी मात्र प्रभावती कधी काढत नसे.

"एवढे खांब काढतंस, वयनी, एक घोव काढूक येणा नाय?" धाकटी जाऊ सुविधा चिडवायची.

"सकाळी रांगोळी झाडूची लागता. त्याच्यार केरसुणी कोण फिरवतली? तू?"

यंदा तो व्हडल्या दिवाळीला, तुळशीच्या लग्नाला, घरी येणार होता. प्रभावतीनं ठरवलं, त्या दिवशी मोप्याचा विमानतळ काढायचा. आधी हात बसावा म्हणून तिनं तो काढून बघितला. लांब छप्पर, खांब, जाणाऱ्यांचं दार, तिकीट तपासणारा शिपाई उभा राहतो ती जागा, सगळं भराभर उतरलं. दर खेपेला ती बाबाजीला त्या दारापर्यंत पोचवायची आणि काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. दुसऱ्या टोकाला मात्र हात अडला. येणाऱ्यांचं दार तिनं पाहिलंच नव्हतं. दर्यापलीकडून आलेल्या माणसावरून पाण्याचा तांब्या ओवाळून मगच त्याला घरात घ्यायचं, ही घरची रीत. ओवाळायला बायकोच हवी. म्हणून आणायला दीर शिवदास जायचा आणि ती तांब्या घेऊन उंबऱ्यात.

"यंदा तांब्या तू धर," ती सुविधाला म्हणाली. "मी आणूक जातंय."

दुसऱ्या दिवशी बाबाजीचा फोन आला. बोटीवर माणूस कमी पडला, त्याला थांबवून घेतलं. आता शिमग्याला.

"बरं," ती म्हणाली. जेवलास का, तेही विचारलं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसली आणि बस धरून मोप्याला गेली. येणाऱ्यांच्या दारासमोर लोक नावांच्या पाट्या धरून उभे होते. काचा सरकल्या की तिची मान आपसूक उंच व्हायची. पेट्या ढकलत लोक बाहेर येत, कुणी कुणाला मिठी मारी, आणि काचा पुन्हा मिटत.

"मावशी, टॅक्सी होई?" एका ड्रायव्हरनं विचारलं. "कोणाची वाट बघतास?"

"घोवाची."

"खंयच्या विमानान येतलो?"

"शिमग्याच्या."

तो हसला. तीही हसली आणि पदरानं डोळे टिपले.

संध्याकाळी लग्न लागलं तेव्हा तुळशीपुढं विमानतळ पुरा झाला होता. येणाऱ्यांचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

सकाळी तिनं केरसुणी घेतली. छप्पर गेलं, खांब गेले, जाणाऱ्यांचं दारही गेलं.

"वयनी, तेवढाच ऱ्हवला बघ," सुविधानं येणाऱ्यांच्या दाराकडं बोट दाखवलं.

"ऱ्हवांदे," प्रभावती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून झाडू लागली.